साठचं वळण

रुळाचं वळण किती मोठं घ्यायचं या एका प्रश्नावरून नळसाहेबांच्या घरात अबोला सुरू झाला, इमारतीच्या समितीची तातडीची बैठक बसली, एका टेबलाला जन्मठेप झाली आणि वरच्या मजल्यावरच्या काकांना निवृत्तीनंतर पहिल्यांदाच आपला कुणाला तरी उपयोग आहे असं वाटलं. शेवटी प्रश्न सुटला. पण तो सुटला तेव्हा घरात कुणाला आनंद व्हावा अशी परिस्थिती राहिली नव्हती. सांगायचं ते एवढंच. पण एवढ्यातच सांगून टाकलं तर नळसाहेबांवर अन्याय होईल, आणि अन्याय झाला की ते तीन प्रतींत तक्रार करतात.

नळसाहेब हे अर्थात नाव नव्हे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत लोकांच्या नळजोडण्या मंजूर करणं हे त्यांचं काम होतं आणि नामंजूर करणं ही हौस. नकाशाच्या तीन प्रती नसतील, तिसरी प्रत पुसट असेल, पुसट नसेल पण घडी उलट्या बाजूने घातली असेल, तर अर्ज परत. माणूस वाईट नव्हता, काटेकोर होता; आणि काटेकोर माणसाचा ताप वाईट माणसापेक्षा जास्त होतो, कारण त्याच्यावर धड चिडताही येत नाही. निवृत्तीनंतर हा काटेकोरपणा घरी मुक्कामाला आला. त्यांनी स्वयंपाकघरातल्या डब्यांची उंचीप्रमाणे रांग लावली. बायकोने ती मोडली. त्यांनी पुन्हा लावली. तेव्हा बायकोने लेकीला फोन केला.

एकुलती एक लेक दूरच्या देशात नोकरीला होती. तिने यावर उपाय म्हणून एक इंजिन पाठवून दिलं. दीड वीत लांब, काळं कुळकुळीत, मागे कोळशाचा डबा, चढायला इवलीशी पायरी. जुन्या वाफेच्या इंजिनाची हुबेहूब प्रतिकृती, फक्त विजेवर चालणारी. “बाबा, आईच्या डब्यांचा नाद सोडा,” ती फोनवर म्हणाली. “माझ्या खोलीत रूळ टाका. मी सुट्टीत आले की पहिली फेरी मीच सोडणार. तोवर कुणी सोडायची नाही. चाचणी चालेल.” चाचणी चालेल हे तिने वडिलांचा स्वभाव ओळखून जोडलं होतं.

याआधी फोन आला की नळसाहेब “जेवलीस का, थंडी आहे का” एवढं विचारत आणि फोन बायकोकडे देत. त्यांना पुढचं सुचतच नसे. दोघी मायलेकी तासभर बोलत आणि ते शेजारी पेपर उलटा धरून बसत. आता लेक स्वतःहून म्हणू लागली, “बाबांना दे, रुळांचं काय झालं विचारायचंय.” त्यांनी हे बायकोला बोलून दाखवलं नाही, पण इंजिनापेक्षा त्यांना या वाक्याचंच अप्रूप होतं. लेक येण्याआधी गाडी चालली पाहिजे, नाहीतर तिला दाखवायला आणि तिच्याशी बोलायला आपल्याकडे काय आहे, ही खरी धास्ती होती. येणार येणार म्हणून तिचं दोनदा राहिलं होतं. या खेपेला तिने रजा मागितली होती.

बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि एकच अट घातली. “खोलीत काय हवं ते करा. तिचा पलंग हलता कामा नये.”

पलंग खिडकीखाली, भिंतीला लागून होता. त्यावर लेकीची चौकड्यांची रजई. खोलीत कुणी झोपत नसे, तरी चादर नेमाने बदलली जाई. न मळलेली चादर धुवायला का टाकतेस, असं नळसाहेबांनी एकदा विचारलं होतं. त्यानंतर बरेच दिवस त्यांना चहा एका शब्दाशिवाय मिळत राहिला, म्हणून पुन्हा विचारलं नाही. त्यांनी पलंगाच्या कडेने जमिनीवर खडूची रेघ ओढली. रेघेपलीकडे लेक, अलीकडे रेल्वे. मध्ये माणसाला उभं राहायला जागा सोडली की समोरच्या भिंतीशी पाऊण मीटर रुंदीचं टेबल बसत होतं. तह झाला.

रूळ मिळण्याचं दुकान बाजाराच्या मागच्या गल्लीत होतं. दुकानदार किडकिडीत, सतत खोकणारा, गिऱ्हाईक आलं की दुखणं आल्यासारखा चेहरा करणारा. त्याने इंजिन उलटंसुलटं करून पाहिलं.

“लांब आहे. याला लहान वळण चालायचं नाही. वळणं तीन मापांत येतात, पस्तीस, पंचेचाळीस आणि साठ सेंटीमीटर. याच्या खोक्यावरच लिहिलंय बघा, साठच्या खाली चालवू नये. जागा आहे का घरात?”

“पाऊण मीटर आहे.”

“पाऊण? अहो मग...” दुकानदार म्हणाला आणि त्याला खोकल्याची उबळ आली. उबळ मोठी होती. ती संपेपर्यंत थांबणं नळसाहेबांच्या स्वभावात नव्हतं.

“साठला पंचाहत्तर म्हणजे पंधरा शिल्लक,” ते म्हणाले. “गोल वस्तूंमध्ये हयात गेली आमची. तुम्ही बांधा.”

दुकानदाराने खोकत खोकत बांधलं.

इथे जरा थांबायला हवं. पाण्याच्या खात्यात गोल वस्तू आरपार मोजतात. शंभरचा नळ म्हणजे या काठापासून त्या काठापर्यंत शंभर. झाकण, टाकी, विहीर, सगळ्यांना हाच न्याय. नळसाहेबांच्या हाताखाली एका नव्या कारकुनाने एकदा नळाचं माप मध्यापासून धरलं होतं. त्याला त्यांनी सगळ्या कचेरीसमोर असं काही सुनावलं की तो बिचारा बदली मागून कोरड्या विभागात गेला. रुळाच्या धंद्यात मात्र वळण मध्यापासूनच मोजतात. साठचं वळण पुरतं वळून परत येईपर्यंत एकशेवीस जागा खातं. ज्याने आयुष्यात नळ पाहिला नाही त्याला ही गोष्ट चटकन कळली असती. नळसाहेबांना कळणं शक्य नव्हतं, कारण त्यांना गोल वस्तू येत होत्या.

मग सुतार आला. दार अरुंद, म्हणून टेबल खोलीतच बनवायचं ठरलं. नळसाहेबांनी जाड फळ्या, आडव्या पट्ट्या, कोपऱ्यांना लोखंडी पाय असा सगळा पक्का मामला सांगितला. पाण्याची टाकी ठेवली असती तरी टेबल हूं की चूं करणार नव्हतं.

“साहेब, हे पुन्हा खोलीबाहेर निघायचं नाही,” सुतार कानावरची पेन्सिल काढत म्हणाला.

“कशाला निघेल?”

“नाही, आपलं सांगून ठेवलं. लोक मागाहून मला बोलतात.”

रूळ मांडायचा दिवस नळसाहेबांनी घडी घातलेला सदरा घालून साजरा केला. सरळ रूळ भिंतीकडेने छान बसले. मग त्यांनी वळणाचे तुकडे एकापुढे एक जोडायला घेतले. वळण वळेना. म्हणजे वळत होतं, पण सरकारी कामाच्या गतीने. ते टेबलाच्या कडेशी आलं, कड ओलांडून हवेत गेलं, आणखी जोडलं तेव्हा खडूची रेघही ओलांडून गेलं. नळसाहेब एका हाताने लोंबता रूळ सावरत दुसऱ्या हाताने पुढचा तुकडा लावत राहिले, कारण पुढच्या तुकड्याला तरी अक्कल येईल अशी त्यांना आशा होती. शेवटचा तुकडा चौकड्यांच्या रजईवर टेकला.

बायको दारात वाळलेले कपडे घेऊन उभी होती. “रेघ कुठे गेली?” तिने विचारलं.

“माल सदोष आहे,” नळसाहेब म्हणाले.

ते तसेच दुकानात गेले. दुकानदाराने सगळं ऐकलं, कागदावर एक गोल काढला, मध्ये टिंब दिलं आणि टिंबापासून काठापर्यंत रेघ मारली. “हे साठ,” तो म्हणाला. “मी सांगत होतो हो. खोकत होतो.” नळसाहेबांनी त्या टिंबावर बोट ठेवलं. त्यांना तो बदलून गेलेला कारकून आठवला. त्याचे कान किती लाल झाले होते तेही आठवलं. फोडलेला खोका परत घेत नाही अशी पाटी त्यांच्या डोक्यावरच होती, तरी त्यांनी ती वाचली नाही असं दाखवून विचारलं, आणि दुकानदाराने त्यांना ती वाचून दाखवली.

मग त्यांनी जन्मात केली नव्हती ती गोष्ट केली. पस्तीसचं वळण घेतलं. ते पुरतं वळलं की सत्तर होतं, टेबलावर काठोकाठ मावतं. इंजिनाच्या खोक्यावर साठच्या खाली चालवू नये असं छापलेलं असताना, छापील नियम हे दुसऱ्यांच्या अर्जांसाठी असतात असं ते मनाशी म्हणाले.

इंजिन सरळ रुळावर झोकात गेलं. वळणाशी येताच पुढची चाकं वळली, मागची सरळच चालत राहिली, आणि त्याने अंग टाकून दिलं. नळसाहेबांनी उचलून ठेवलं. त्याने पुन्हा अंग टाकलं. एवढ्यात आवाज ऐकून वरचे काका खाली आले. काका नोकरीत कायम फिरतीवर होते. गाडीत खिडकीशी बसून त्यांनी जे पाहिलं होतं त्या बळावर रेल्वे हा आपला विषय असं ते धरून चालत.

“बाहेरचा रूळ उचला जरा,” काका म्हणाले. “खऱ्या रेल्वेत वळणावर तसंच असतं. मी हजारदा बघितलंय.”

बाहेरच्या रुळाखाली जुन्या लग्नपत्रिकांचे तुकडे सारले. आता इंजिन बाहेर न पडता आत पडू लागलं.

“वेग कमी पडतोय,” काका म्हणाले. वेग वाढवला. “वजन हवं.” कोळशाच्या डब्यात खिळे भरले. “आता सोडा बिनधास्त.” नळसाहेबांनी बिनधास्त सोडलं. इंजिन वळणावर आलं, वळणाचा विचारही न करता सरळ टेबलाबाहेर गेलं आणि खिळ्यांसकट जमिनीवर आदळलं. इवलीशी पायरी तुटून दाराशी गेली. खालच्या मजल्यावर कुणाचं तरी बाळ रडायला लागलं.

“ड्रायव्हर घाबरला असेल,” काका म्हणाले आणि त्यांना घरी काम आठवलं. नळसाहेब तुटलेली पायरी तळहातावर घेऊन बसले. लेकीने वस्तू पाठवली होती, आणि आपण ती तिच्या येण्याआधीच मोडून ठेवली. त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी इमारतीचे चिटणीस आले. हे गृहस्थ सावकाश बोलत आणि त्याहून सावकाश बसत. “तुमच्या घरात कारखाना चालतो अशी खालच्यांची तक्रार आहे.”

“कारखाना कसला, खेळण्यातली गाडी आहे.”

“तसं मग अर्जात लिहा. सोबत आराखडा जोडा. आवाज, वजन, वीज, सगळं दाखवून.” चिटणीस उठले, दारापर्यंत गेले आणि वळले. “तीन प्रती.”

तेव्हा नळसाहेबांना एकदम आठवलं. याच चिटणिसांचा नळजोडणीचा अर्ज त्यांनी पुन्हा पुन्हा परत पाठवला होता, आणि त्या काळात चिटणिसांचं सगळं कुटुंब शेजाऱ्यांकडून बादल्या भरून आणत होतं. पण आता काय उपयोग. त्यांनी सुबक आराखडा काढला, मापं लिहिली, वळणाशी मान खाली घालून स्वच्छ अक्षरात मध्यापासून असं लिहिलं. तातडीची बैठक बसली. त्यात वरच्या काकांनी तज्ज्ञ म्हणून भाषण केलं, त्यामुळे प्रकरण आणखी लांबलं. अर्ज परत आला. त्यावर शेरा होता, तिसरी प्रत पुसट आहे.

नळसाहेब तो शेरा हातात धरून बायकोकडे गेले, पण तिने वाचला आणि परत त्यांच्या हातात दिला. निदान हसली असती तरी चाललं असतं.

पुढे परवानगी मिळाली. आवाज दबावा म्हणून रुळाखाली लोकरीचा नमदा घालावा, शिटी वाजवू नये, खिळे वाहून नेऊ नयेत. एवढं सगळं मिळून गाडी मात्र चालत नव्हती. पंचेचाळीसचं घ्यावं तर ते ना टेबलावर मावणार ना इंजिनाला पुरणार. नळसाहेबांनी रात्रंदिवस विचार केला आणि एका सकाळी चहाचा कप खाली ठेवत, नामंजुरी कळवायच्या आवाजात म्हणाले, “पलंग काढावा लागेल.”

बायकोने गॅस बंद केला. “ती झोपेल कुठे?”

“बैठकीत. दिवाण आहे तिथे. अगं, मोठ्या वळणाशिवाय गाडी चालत नाही, आणि गाडीच चालली नाही तर ती येऊन बघणार काय?”

“ती काय गाडी बघायला येतेय?”

या प्रश्नाचं उत्तर नळसाहेबांकडे होतं, पण ते लाजिरवाणं होतं. ती मला भेटायला येते की तुला, हे मला नक्की माहीत नाही, निदान गाडी तरी माझी आहे, असं ते उत्तर होतं. असलं बायकोसमोर बोलवत नाही. ते म्हणाले, “मापाचा प्रश्न आहे.”

“मग मापाशीच बोला,” बायको म्हणाली, आणि अबोला सुरू झाला.

त्या घरातला अबोला फार व्यवस्थित असे. चहा वेळेवर, कपडे जागेवर, आणि निरोप भिंतीला. “कुणाला दूध हवं असेल तर पातेल्यात आहे,” बायको भिंतीला सांगे. “कुणी विजेचं बिल भरलंय,” नळसाहेब कपाटाला कळवत. मधल्या काळात बायकोने पलंगावरची चादर रोज बदलायला सुरुवात केली. नळसाहेब टेबलाशी उभे राहून आपलं नापास वळण बघत आणि ती त्यांच्याकडे पाठ करून उशीचे अभ्रे सारखे करी. खोलीभर एक खडूची रेघ.

आणि मग लेकीचा फोन आला. नेमका नळसाहेबांनी उचलला. त्यांनी पायरी चिकटवली ते सांगितलं, वळणाचा थोडा घोळ आहे, पण तू येईपर्यंत होईल, असं सांगितलं. ती ऐकत होती. नेहमीसारखे प्रश्न विचारत नव्हती.

“बाबा,” ती म्हणाली, “मला इथे कायम करतायत. चांगली जागा आहे. पण नव्या जागेवर लगेच रजा मागता येत नाही. मी म्हणून बघितलं त्यांना. पुढच्या वर्षी नक्की येते.”

“वा,” नळसाहेब म्हणाले. “कायम म्हणजे उत्तमच. चांगलं झालं.” त्यांनी चांगलं झालं असं आणखी एकदा म्हटलं आणि फोन बायकोकडे दिला. बायकोनेही चांगलं झालं म्हटलं. वेळेवर जेवत जा म्हणाली. तासभर बोलणाऱ्या बाईने तेवढ्यावरच फोन ठेवला.

मग ती स्वयंपाकघरात गेली. बराच वेळ डब्यांचे आवाज आले. नळसाहेब पाणी प्यायला म्हणून आत गेले तर ती सगळे डबे उंचीप्रमाणे लावत होती.

“कायम म्हणाली?” तिने त्यांच्याकडे न बघता विचारलं.

“नोकरी. नोकरी कायम केलीय.”

“हो. मी नोकरीचंच विचारलं.”

त्यांना तिच्या खांद्यावर हात ठेवायचा होता. ते जमलं नाही, म्हणून त्यांनी एक डबा उचलून तिच्या हातात दिला. तो तिने बरोबर जागी ठेवला.

दुसऱ्या दिवशी सुतार आपण होऊन दारात उभा राहिला. “बाईंचा निरोप होता, पलंग खोलायचाय म्हणून,” तो म्हणाला.

नळसाहेब उडालेच. बायको आतून आली. “काढा हो तो. आणि यांना हवं तेवढं टेबल रुंद करून द्या.”

“नको,” नळसाहेब म्हणाले.

“का नको? तुम्हालाच काढायचा होता.”

“तेव्हा होता. आता नको.”

“अहो, कुणासाठी ठेवायचा? निदान तुमची गाडी तरी चालेल.”

“कुणासाठी चालवायची?”

सुताराने दोघांकडे आळीपाळीने पाहिलं. “तुमचं ठरू दे,” तो म्हणाला. “मी जिन्यात बसतो. पण हे टेबल बाहेर निघायचं नाही हे मी आधीच सांगितलं होतं.”

तो गेल्यावर दोघं खोलीत उभी राहिली. करायला काहीच नव्हतं, म्हणून नळसाहेब मोठ्या वळणाचे तुकडे खोक्यात भरायला बसले. खोक्यात ते मुळात कसे बसवले होते ते आता कुणालाच आठवत नव्हतं; असल्या वस्तू कारखान्यातून एकदाच खोक्यात बसतात. चार सुटे, चार जोडलेले, असं करता करता अर्धं वळण जमिनीवर पलंगाच्या पायथ्याशी पसरलं. बायको ते ओलांडायला गेली आणि थांबली.

“हे पलंगाहून रुंद आहे,” ती म्हणाली.

नळसाहेबांनी पाहिलं. पलंगाचा पायथा वळणाच्या पोटात होता. एका बाजूला वीतभर नसली तरी बोटं टेकवायला भरपूर जागा, भिंत नसती तर दुसऱ्या बाजूलाही तेवढीच. त्यांनी टेप काढली. पलंग नव्वद. वळण आरपार एकशेवीस. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी एकदा घेतलेलं माप पुन्हा घेतलं नाही. पलंग टेबलासाठी काढायचा की टेबल पलंगासाठी लहान ठेवायचं, यावर त्या घरात महिनाभर कुणी भिंतीशी सोडून कुणाशी बोललं नव्हतं, आणि पलंग मध्ये ठेवून रूळ भोवताली टाकावेत हे दोघांच्याही डोक्यात आलं नव्हतं.

“पण त्याला भिंतीपासून ओढून खोलीच्या मध्यावर आणावं लागेल,” ते चाचरत म्हणाले. “म्हणजे हलवावा लागेल.”

बायको पलंगाच्या पायथ्याशी गेली आणि वाकून दोन्ही हातांनी कड धरली. “तुम्ही उशीकडून धरा,” ती म्हणाली. पलंग सरकताना खडूची रेघ त्याच्या पायांखाली पुसली गेली.

सुताराला जिन्यातून बोलावलं. जन्मठेपेतल्या टेबलाची त्याने करवतीने सुटका केली. त्याच्याच अरुंद फळ्या झाल्या, त्याचेच पाय, आणि पलंगाभोवती कमरेएवढ्या उंचीचा एक लांबट वळसा उभा राहिला. वरचे काका येऊन गेले. मध्ये डोंगर हवा असं त्यांचं मत पडलं. बायको म्हणाली, “भावजी, मध्ये पलंग आहे.” काकांनी पलंगाकडे पाहिलं, रजईकडे पाहिलं, आणि सल्ला न देता घरी गेले. असं त्यांच्या हातून पूर्वी कधी झालं नव्हतं.

शेवटची फळी नळसाहेबांनी स्वतःच्या हाताने बसवली. पाना घेऊन चारही कोपरे पक्के आवळले, दोन पावलं मागे येऊन कौतुकाने पाहिलं, आणि तेव्हा आतून आवाज आला.

“अहो, मी बाहेर कशी येऊ?”

बायको रजई झटकायला आत गेली होती. वळशासाठी नव्याने दिलेल्या तीन प्रतींच्या आराखड्यात आत जायला दारच नव्हतं. आराखडा समितीने मंजूर केलेला असल्यामुळे आता त्यात बदल करायचा तर पुन्हा अर्ज आला. बायको गुडघे टेकून फळीखालून रांगत बाहेर आली, पदराला लागलेली धूळ झटकली आणि म्हणाली, “राहू दे. ती आली की बघू.” त्यानंतर ती रोज तशीच रांगत आत जाऊ लागली. नळसाहेबांनी जमिनीवर एक सतरंजी घातली, तिचे गुडघे दुखू नयेत म्हणून.

गाडी मात्र त्यांनी सोडली नाही. चाचण्या म्हणून हाताने ढकलून सगळ्या वळशावर फिरवली, आणि इंजिन कुठेही न पडता फिरलं. साठचं वळण हे साठचंच होतं. पण वीज दिली नाही. पहिली फेरी ठरलेली होती.

लेकीचा फोन आला तेव्हा तिने आधी आईची विचारपूस केली, मग जरा दबकतच म्हणाली, “बाबांना दे.”

“झाले रूळ,” नळसाहेब म्हणाले.

“कुठपर्यंत नेले?”

“तुझ्या पलंगाभोवती. पूर्ण वळसा आहे.”

ती म्हणाली, “मग पलंगावर जायचं कसं?”

“खालून. आई जाते ना रोज.”

“रोज कशाला जाते?”

“चादर बदलायला.”

पलीकडे काही ऐकू येईना. नळसाहेबांना वाटलं फोन लागत नाही. त्यांनी तो झटकून पाहिला. तेवढ्यात ती बोलली, आणि तिचा आवाज ती शाळेत असताना ताप आल्यावर येई तसा येत होता. “बाबा, मला नाही येता आलं. तुम्ही सोडा ना गाडी. मी ऐकते.”

“तू सोडणार होतीस.”

“मी सांगते तेव्हा सोडा. म्हणजे मीच सोडली.”

बायकोने त्यांच्या हातातून फोन घेतला. फळीखालून रांगत ती आत गेली, रजई सारखी केली, फोनचा आवाज मोठा केला आणि तो उशीच्या मधोमध ठेवला. मग पलंगाच्या कडेवर अंग चोरून बसली. नळसाहेबांनी रेग्युलेटरवर हात ठेवला.

“हं, सोडा,” उशीवरून लेकीचा आवाज आला.

गाडी निघाली. नमद्यावरून जाताना बारीक खटखट येत होती, उशीकडे येताना मोठी, पायथ्याकडे जाताना लहान. साठच्या वळणावर इंजिन जरा झुकलं, सावरलं आणि परत आलं. बायको नुसती मान वळवून गाडीकडे बघत होती.

“गेली,” उशी म्हणाली. “आता डाव्या हाताला आहे. आता पायांशी.” गाडी पुन्हा उशीपाशी आली, तेव्हा, “बाबा, अजून एक.”

“ही तुझी रजाच समज. ती संपवायची घाई कुणाला आहे,” नळसाहेब म्हणाले. दुसरी फेरी उशीपाशी संपत आली तेव्हा त्यांना दिसलं, की बायकोने उशीवरच्या फोनवर नुसता हात ठेवला आहे, कपाळावर ठेवतात तसा. त्यांनी रेग्युलेटर हळूच मागे फिरवला, म्हणजे गाडीला घरी यायला जास्त वेळ लागेल.